स्टेक: बाहेर कधी खावा, घरी कसा करावा

अमेरिकेत स्टेकहाऊसचं बिल बघून ‘एवढ्यात घरी चार वेळा झालं असतं’ म्हणणारे असतात. घरी धुरात उभं राहून ‘यापेक्षा बाहेर गेलो असतो तर बरं’ म्हणणारेही असतात. दोघंही बरोबर असतात, फक्त दोघांनीही चुकीचा तुकडा चुकीच्या जागी निवडलेला असतो. जे आपल्या तव्यावर तितकंच चांगलं होतं त्याचे पैसे रेस्टॉरंटला देऊ नयेत, आणि जे घरी होतच नाही त्याच्यासाठी हात आखडता घेऊ नये. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या आणि बीफ खाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. बीफ न खाणाऱ्यांना स्टेकहाऊसमध्ये नुसतं उकडलेल्या बटाट्यावर बसावं लागू नये, म्हणून त्यांच्यासाठीही शेवटी थोडं लिहिलं आहे.

स्टेकहाऊस नेमकं काय विकतं

पहिली गोष्ट म्हणजे मुरवलेलं मांस. ‘ड्राय एजिंग’मध्ये मांसाचा मोठा, हाडासकटचा भाग गोठणबिंदूच्या जरा वर, एक ते तीन अंश सेल्सिअसला, खेळत्या हवेत उघडा ठेवतात. साधारण तीन आठवडे ते दीड महिना. मांसातलीच एन्झाइम्स स्नायूंचे धागे सैल करतात, पाणी उडून चव दाटते आणि बाहेरचा वाळलेला काळपट थर कापून फेकून द्यावा लागतो. वजनात ही एवढी घट येते, म्हणून ते महाग. घरच्या फ्रिजमध्ये एकच कापलेला स्टेक तीन आठवडे ठेवून हे होत नाही. त्या तुकड्याचा वाळका भाग काढल्यावर हातात काही उरतच नाही. मॅनहॅटनमध्ये गॅलघर्स स्टेकहाऊसच्या काचेतून रस्त्यावरूनच ही मांसाची खोली दिसते. आत न जाताही बघण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट आच. घरच्या ओव्हनचा ब्रॉयलर, म्हणजे वरून आच देणारा भाग, साधारण ५०० ते ५५० अंश फॅरनहाइटपर्यंत जातो. रूथ्स क्रिससारख्या स्टेकहाऊसची मंडळी आपले ब्रॉयलर १८०० अंशांचे असल्याचं अभिमानाने सांगतात आणि ताटलीसुद्धा ५०० अंशांवर तापवून आणतात. वरून येणाऱ्या त्या आचेत वरची बाजू काही मिनिटांत करपल्यासारखी काळी होते आणि आत लाल राहते. घरी याच्या जवळ जाता येतं, तिथपर्यंत पोचता येत नाही.

तिसरी गोष्ट मोठा तुकडा. पोर्टरहाऊसमध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप (पाठीचं मांस) असते, दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन (पाठीच्या आतल्या बाजूचं सगळ्यांत मऊ मांस). टेंडरलॉइनची बाजू निदान सव्वा इंच रुंद असेल तरच त्याला पोर्टरहाऊस म्हणतात, त्याहून अरुंद असेल तर टी-बोन. हा तुकडा तव्यावर करणं डोकेदुखी असते. मांस आकसतं, हाड तसंच राहतं आणि हाडाजवळचा भाग तव्याला टेकतच नाही. शिवाय टेंडरलॉइन आधी शिजते, स्ट्रिप मागे पडते. ब्रुकलिनच्या पीटर लूगर स्टेकहाऊसची कीर्ती याच तुकड्यावर उभी आहे. हे दुकान १८८७ पासूनचं.

म्हणजे बाहेर गेलात तर मागवायचं ते ड्राय-एज्ड पोर्टरहाऊस, दोघांत एक किंवा तिघांत एक. फिले मिन्योंवर, म्हणजे टेंडरलॉइनच्याच जाड कापांवर, पैसे घालवणं मला पटत नाही. तो मऊ असतो, पण चवीला सगळ्यांत फिका, आणि घरी करायला सगळ्यांत सोपा. साधा, न मुरवलेला रिबआय (फासळ्यांजवळचा चरबीदार तुकडा) किंवा स्ट्रिप तर बाहेर अजिबात मागवू नये.

बिलाचा हिशेब

मॅनहॅटनच्या मध्यम-महाग स्टेकहाऊसमध्ये रिबआय ६५ डॉलरला धरा. दोन रिबआय १३०, सोळा-सोळाच्या दोन साइड्स (सोबतचे पदार्थ), झाले १६२. त्यावर न्यू यॉर्क शहराचा ८.८७५ टक्के कर म्हणजे १४ आणि २० टक्के टिप म्हणजे ३२. दोघांचे २०८ डॉलर झाले, आणि यात अजून कुणी वाइनचा घोट घेतलेला नाही. घरी सव्वा पौंडाचा दीड इंच जाड एक रिबआय दोघांना पुरतो. पौंडाला २० डॉलर धरले तर २५ डॉलर, बटाटे, लोणी आणि शतावरीचे आठ-दहा. भाव शहराप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे हलतील, पण पाच-सहा पटींचा हा फरक फारसा हलत नाही.

मात्र टेक्सस रोडहाऊससारख्या साखळी रेस्टॉरंटांना हा हिशेब लागू नाही. तिथला सहा औंसांचा सरलॉइन दोन साइड्ससकट, वर गरम पाव, एवढ्याला जे पडतं त्यात घरी एक माणूस जेवायला घालून फारसं वाचत नाही. मुलांना घेऊन मंगळवारी रात्री जायचं असेल तर खुशाल जा. तो वेगळा आनंद आहे, त्याची तुलना घरच्या रिबआयशी करू नका.

बाहेर बिल आटोक्यात ठेवायचे दोन-तीन मार्ग आहेत. साइड्स प्रचंड येतात, दोघांत एकच घ्या. दुपारी जा, बऱ्याच ठिकाणी दुपारचा मेन्यू स्वस्त असतो. लूगरचा बर्गर तर फक्त दुपारीच मिळतो. न्यू जर्सीत दारूचा परवाना नसलेली बरीच रेस्टॉरंट आपली बाटली आपण आणू देतात, त्यात बिल चांगलंच खाली येतं. ‘शेअरिंग चार्ज’, म्हणजे एक पदार्थ दोघांत वाटून घेतल्याचा जादा आकार, आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही.

मांस किती शिजलेलं हवं हे सांगताना संकोच करू नका. ताटली आल्यावर मधोमध कापून बघा, वेटर तिथेच थांबलेला असतो तो त्यासाठीच. कमी शिजलं असेल तर परत आत जातं, जास्त शिजलं असेल तर नवीन करावं लागतं, आणि दोन्ही करून देणं हे त्यांचं काम आहे. आई-बाबा आले असतील आणि त्यांना लाल अजिबात चालत नसेल तर त्यांच्यासाठी फिले ‘बटरफ्लाय’ करून मागा. मधून चिरून उघडल्यावर तो कोरडा पडायच्या आत पूर्ण शिजतो. आणि ताटलीतलं लाल पाणी रक्त नव्हे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. ते पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं स्नायूंमधलं प्रथिन असतं, रक्त कत्तलीच्या वेळीच निघून गेलेलं असतं.

घरी: अर्धी लढाई दुकानात

अमेरिकी कृषी खात्याच्या प्रतवारीत प्राइम, चॉइस आणि सिलेक्ट हे तीन शब्द आपल्या कामाचे. मुख्यतः मांसात विखुरलेल्या चरबीवरून ही प्रत ठरते. त्या पांढऱ्या बारीक रेघांना मार्बलिंग म्हणतात. सिलेक्टपासून दहा हात लांब राहा. चॉइसमध्ये फार फरक असतो, म्हणून लेबल वाचून थांबू नका, पाकिटं उलटून-पालटून बघा. प्राइमला लागून असलेला चॉइस आणि सिलेक्टला लागून असलेला चॉइस एकाच भावाने शेजारी-शेजारी पडलेले असतात. मोजक्या जाड चरबीच्या गाठींपेक्षा बारीक, सगळीकडे पसरलेल्या रेघा हव्यात.

जाडी दीड इंच. यावर तडजोड नको. पाऊण इंचाचा तुकडा बाहेरून तांबूस होईपर्यंत आतून शिजून जातो, मग कितीही कौशल्य असलं तरी उपयोग नाही. पाकिटात जाड तुकडे नसतील तर मीट काउंटरवर कापून मागा. चौघांना पातळ चार आणण्यापेक्षा जाड दोन आणून कापून वाढावेत.

पैसे वाचवायचे असतील तर कॉस्टकोत पूर्ण स्ट्रिप लॉइन सीलबंद मिळते. पौंडामागे स्वस्त पडते, हवी तेवढी जाडी आपण कापतो आणि उरलेले तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये जातात. दुसरं म्हणजे डिसेंबर. नाताळच्या आसपास सुपरमार्केटं ‘रिब रोस्ट’ गिऱ्हाईक ओढण्यासाठी फार स्वस्त लावतात. रिब रोस्ट म्हणजे न कापलेले रिबआयच. हाडं वेगळी करून उरलेल्याचे दीड-दीड इंचाचे तुकडे करा, हाडांचं सूप होतं.

कमी पैशांतले तुकडे विचाराल तर चक आय. रिबआय जिथे सुरू होतो त्याला लागूनच खांद्याकडचा हा भाग, प्रत्येक जनावरात थोडाच निघतो, दिसला की उचला. फ्लॅट आयर्नही उत्तम. खांद्याच्या मांसातली मधली चिवट पट्टी काढून टाकल्यावर उरणारा हा तुकडा नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांच्या संशोधनातून साधारण २००२ च्या सुमारास बाजारात रुळला. मऊपणात तो टेंडरलॉइनच्या खालोखाल मानतात.

एक इशारा. पाकिटावर ‘ब्लेड टेंडराइज्ड’ किंवा ‘मेकॅनिकली टेंडराइज्ड’ छापलंय का बघा. कॉस्टकोच्या कापलेल्या बऱ्याच स्टेकवर ते असतं. २०१६ पासून हे छापणं बंधनकारक आहे. अखंड मांसात जंतू फक्त पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात, म्हणून आतून लाल चालतं. पण सुया-पात्यांनी टोचलेल्या मांसात ते आत ढकलले जातात. असा तुकडा लेबलवर दिलेल्या तापमानापर्यंत शिजवावा. पूर्ण सीलबंद लॉइन घरी कापली तर ही भानगड नाही.

मीठ आदल्या रात्री

स्टेकमध्ये घरचा माणूस रेस्टॉरंटला मागे टाकू शकतो तो इथे. मीठ आदल्या रात्री लावायचं. पौंडभर मांसाला मॉर्टन कंपनीचं कोशर (जाड दाण्यांचं) मीठ एक छोटा चमचा, डायमंड क्रिस्टल कंपनीचं दीड. दोन्हींचे दाणे वेगळे असल्याने चमचा सारखा असला तरी वजन सारखं नसतं. आपलं साधं बारीक मीठ असेल तर पाऊण चमचा पुरे. कडांनाही लावा. मग ताटात जाळी, जाळीवर मांस, वर काहीही न झाकता फ्रिजमध्ये.

मीठ आधी पाणी ओढतं, पृष्ठभागावर थेंब येतात, त्यात विरघळतं आणि तासाभरात परत आत शिरतं. सकाळी बघाल तर रंग गडद झालेला असतो, बोट लावलं तर पृष्ठभाग कोरडा, किंचित चिकट लागतो. हाच कोरडेपणा हवा आहे. ओल्या मांसावर तव्याची आच आधी पाणी उडवण्यात खर्च होते. तांबूस रंग आणि भाजल्याचा वास देणारी प्रक्रिया पाणी उकळण्याच्या तापमानाच्या बरीच वर, साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, नावही त्याचंच.

आदल्या रात्री जमलं नाही तर निदान पाऊण तास आधी. तेवढाही वेळ नसेल तर थेट तव्यावर टाकण्याच्या क्षणी. मधली दहा-पंधरा मिनिटं मात्र सगळ्यांत वाईट, तेव्हा पाणी बाहेर आलेलं असतं आणि परत गेलेलं नसतं.

मांस ‘रूम टेंपरेचर’ला आणण्यासाठी अर्धा तास ओट्यावर ठेवा असं सगळीकडे सांगतात. जाड तुकडा अर्ध्या तासात आतून जेमतेम काही अंशांनी बदलतो. सोडून द्या.

आधी ओव्हन, मग तवा

दीड इंचाच्या तुकड्याला ही उलटी पद्धत सगळ्यांत भरवशाची. वीस डॉलरच्या आत मिळणारा पटकन वाचणारा थर्मामीटर मात्र हवाच. अंदाजाने, बोटाने दाबून, घड्याळ लावून करण्यात अर्थ नाही.

१. ओव्हन २५० अंश फॅरनहाइटला. मांस त्याच जाळीवरून आत. २० मिनिटांनंतर तपासायला लागा. टोक वरून न खुपसता बाजूने, जाडीच्या मधोमध घाला, हाडापासून दूर. ११५ अंश झाले की बाहेर. साधारण २५ ते ४० मिनिटं लागतात.

२. मांस ओव्हनमध्ये असताना शेवटची दहा मिनिटं बिडाचा तवा किंवा बिडाचं पॅन मध्यम-मोठ्या आचेवर तापवा. नॉनस्टिक नको, एवढ्या आचेला त्याचा थर टिकत नाही. खिडकी उघडा, पंखा लावा. स्मोक अलार्म वाजणार हे गृहीत धरा आणि शेजाऱ्यांना तोंड द्यायची तयारी ठेवा.

३. मांस पेपर टॉवेलने टिपून घ्या. तव्यावर चमचाभर अव्होकाडो तेल किंवा चमचाभर साजूक तूप. तूप इथे फार कामाचं. त्यातला दुधाचा घन भाग कढवतानाच निघून गेलेला असतो, त्यामुळे लोण्यासारखं ते लगेच करपत नाही. धुराची पहिली रेघ दिसली की मांस टाका.

४. दर अर्ध्या मिनिटाने उलटा. ‘एकदाच उलटायचं’ हा नियम कुणी केला माहीत नाही. सारखं उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या तापतात आणि कडेला राखाडी पट्टा कमी येतो. स्ट्रिप असेल तर चिमट्याने उभी धरून चरबीची कड मिनिटभर तव्याला टेकवा. आधी ती पांढरी आणि रबरासारखी असते, मग तडतडायला लागते, पारदर्शक होते आणि शेवटी सोनेरी कुरकुरीत. ही कड न शिजवता वाढली तर ती ताटलीच्या बाजूला पडून राहते.

५. शेवटच्या मिनिटाला आच कमी. दोन मोठे चमचे लोणी, ठेचलेल्या तीन लसूण पाकळ्या, थाइमच्या दोन काड्या. तवा कलता करून फेसाळलेलं लोणी चमच्याने मांसावर ओतत राहा. लसूण काळपट व्हायच्या आत उतरवा.

६. मिरपूड आता घाला. आधी घातली तर जळून कडवट होते.

सगळं मिळून तव्यावर दोन-तीन मिनिटं. आत १३० ते १३५ अंश म्हणजे मीडियम-रेअर, सेल्सिअसमध्ये ५४ ते ५७. मीडियम १३५ ते १४५. त्यापुढे दहा अंश मीडियम-वेल. १५५ ओलांडलं की काय खातोय त्याने फारसा फरक पडत नाही. सरकारी सल्ला अखंड तुकड्याला १४५ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा असा आहे. गरोदर बाई किंवा आजारी माणूस घरात असेल तर तोच पाळावा. उतरवल्यावर तापमान अजून चार-पाच अंश चढतं, तेवढं आधी थांबा.

रिबआय मी मुद्दाम मीडियमकडे झुकवते. त्यात चरबी भरपूर असते आणि ती १३० ला अजून घट्टच असते. रिबआयच्या कडेने फिरणारी चंद्रकोरीसारखी पट्टी हा संपूर्ण जनावरातला सर्वांत चविष्ट घास. ती कुणाच्या ताटात जाते यावरून आमच्याकडे राजकारण होतं.

‘तव्यावर बाहेरून भाजलं की रस आत बंद होतो’ ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञापासून चालत आलेली आहे आणि ती खोटी आहे. भाजताना जो चर्र आवाज येतो तोच मुळी रस बाहेर पडल्याचा. भाजायचं ते चवीसाठी.

ओव्हननंतर भाजलेल्या मांसाला फार विसावा लागत नाही, तीन-चार मिनिटं पुरतात. फक्त तव्यावर केलेल्याला सात-आठ मिनिटं द्या. कापताना धागे कुठल्या दिशेने जातात ते बघून त्यांना आडवी सुरी चालवा. स्कर्ट आणि फ्लँक या पोटाकडच्या लांब धाग्यांच्या तुकड्यांना हे फार महत्त्वाचं, तिथे दिशा चुकली तर चघळत बसाल.

आणि मसाला? रिबआयला नाही. आलं-लसूण-दही लावलं की पृष्ठभाग ओला राहतो, लसूण जळतो आणि वीस डॉलर पौंडाच्या मांसाची चव कुठेच लागत नाही. मसाल्याचा हात शिवशिवत असेल तर स्कर्ट घ्या. आलं, लसूण, लिंबू, हिरवी मिरची लावून दोन तास ठेवा, टिपून घ्या, कडकडीत तव्यावर दर बाजूला दोन मिनिटं. सोबत खरबरीत ठेचा. हे मात्र कुठल्याही स्टेकहाऊसमध्ये मिळणार नाही.

बीफ खात नसाल तर

मॅनहॅटनचं कीन्स १८८५ पासूनचं आहे आणि त्याची खरी ओळख स्टेक नसून ‘मटन चॉप’ आहे. पाठीचा हाडासकट जाडजूड तुकडा, दोघांना पुरेल एवढा. घरी करायचे तर लँब लॉइन चॉप्स घ्या, सव्वा-दीड इंच जाड. मीठ, ओव्हन, तवा सगळं वरच्यासारखंच, चरबीची कड उभी भाजणं इथे दुप्पट महत्त्वाचं. पोर्क चॉप चालत असेल तर १४५ अंश आणि तीन मिनिटं. आपल्याकडच्या बोकडाच्या मटणावर हा प्रयोग करू नका, त्याला वेळ आणि रस्साच लागतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं की २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. मुंबई-पुण्यातल्या मेन्यूवरचा टेंडरलॉइन स्टेक म्हणजे म्हशीचं अंडरकट. गोव्यात बीफवर अशी बंदी नाही. म्हशीच्या मांसात मार्बलिंग जवळपास नसतंच, त्यामुळे अंडरकट सोडून बाकी कुठल्या भागाचा स्टेक करण्याच्या फंदात पडू नका. ओळखीच्या दुकानातून ताजा तुकडा घ्या, वरची चंदेरी पातळ त्वचा सुरीने सोलून काढा, दोन इंचांचे जाड काप करा आणि लोण्यात हात सैल सोडा. मीडियमच्या पुढे गेलात तर चामडं होईल.

उरलेला स्टेक फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. गारच पातळ कापून, वर मीठ, लिंबू आणि कच्चा कांदा घालून पोळीत गुंडाळा, डब्याला उत्तम.